उलट्या पिसांची पाठराखीण

गच्च भरलेल्या गाडीत बसायला जागा कशी करायची, हे मला तायाक्कानं दाखवलं. मी कंडक्टर. सगळी नोकरी "पुढं सरका, पुढं सरका" ओरडण्यात गेली आणि लोक कधी वीतभर सरकले नाहीत. तायाक्का मात्र तोंडातून शब्द न काढता चढायची. काखेत कोंबडी असायची. बाकड्यावरचा माणूस त्या कोंबडीकडं एकदा बघायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा आणि उठून उभा राहायचा. शेजारचाही उठायचा. मग तायाक्का ऐसपैस मांडी घालून बसायची आणि कोंबडीला म्हणायची, "बस बाई, तुझ्या पुण्याईनं जागा गावली."

कोंबडी उलट्या पिसांची होती. अंगावरचं एकूणएक पीस मानेकडं वळलेलं, वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारखं. आमच्याकडं अशी कोंबडी दिसली की माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो करणीचा आणि उताऱ्याचा. भूतबाधा काढणाऱ्या देवर्षी लोकांना हीच लागते. अमावस्येला माणसावरून उतरायची आणि गावाच्या वेशीबाहेर सोडायची, म्हणजे बाधा तिच्याबरोबर जाते म्हणे. त्यामुळं अशी कोंबडी पाळणारं घर विरळा, आणि पाळलीच तर ती जास्त दिवस टिकत नाही.

पहिल्याच दिवशी माझं आणि तायाक्काचं भांडण झालं. मी नवीन, नियमाचा पक्का. म्हटलं, "आक्का, कोंबडीचं तिकीट."

"कसलं तिकीट?"

"सामानाचं."

"सामान? आगं, ह्यो तुला सामान म्हंतोय," ती कोंबडीला म्हणाली. कोंबडी कुरकुरली. "ऐकलास? सामान बोलतंय व्हय रं कुटं?"

"मग माणसाचं काढा."

"काढतो की. मग तिला शीट दे. मी मांडीवर न्हाय घेत."

गाडी हसायला लागली. ड्रायव्हर शिवाप्पासुद्धा हसत होता, त्याला अर्धीच मराठी कळायची तरी. मी घंटी मारली आणि पुढं गेलो. त्या रूटवर कोंबडीचं तिकीट मी पुन्हा कधी मागितलं नाही.

बेळगुंदी मागं टाकून डोंगराकडं निघालं की जे शेवटचं गाव लागतं, तिथं आमची गाडी मुक्कामाला असायची. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं ती. गावाचं नाव घेत नाही, घेतलं तर आजही दोन घरं माझ्या दारात भांडायला येतील. गाडी बौद्धवाड्यासमोरच्या माळावर उभी राहायची आणि पहिलंच घर तायाक्काचं. ठेंगणी, काळीसावळी, दातांना सदा मिश्री, लुगड्याचा पदर कंबरेला असा खोचलेला की आत्ता कुणाला तरी धरून आणायला निघाली आहे. नवरा कल्लाप्पा तिच्या अगदी उलट. उंच, वाकलेला, दिवसाकाठी चार शब्द बोलला तर नशीब.

बेळगावच्या थंडीचं लोक कौतुक करतात. कौतुक करणाऱ्यांनी पौषात त्या गावात एक सकाळ काढावी! कणकुंबीच्या रानाकडनं धुकं असं उतरायचं की आमची लाल गाडी दहा पावलांवरनं दिसायची नाही. आणि त्या थंडीत उलट्या पिसांच्या कोंबडीचे हाल बघवत नाहीत. सुलटी पिसं अंगाला चिकटून ऊब धरतात. हिची सगळी बाहेर वळलेली, वारं थेट कातडीला. धड उडताही येत नाही, म्हणजे झाडावर चढून जीव वाचवायची सोय नाही. घार, मुंगूस, रानमांजर, सगळ्यांना आयतंच ताट.

तायाक्कानं त्यावर उपाय काढला होता. न्हाणीच्या चुलीमागची भिंत मातीची, आणि त्या भिंतीला पाठ लावून तिनं कोंबड्यांचं खुराडं बांधलं होतं. भोवती करवंदीच्या काट्यांचा वेढा. आत भाताचं पिंजर, म्हणजे वाळका पेंढा. थंडीत ती न्हाणीची चूल रोज संध्याकाळी पेटवायची आणि पहाटे पुन्हा. भिंत तापली की कोंबड्या तिला चिकटून बसायच्या. चुलीवर पाण्याचा हंडा होता, पण तो आपला वर होता म्हणून. चूल कोंबड्यांची.

आम्हाला आंघोळीचं कढत पाणी मिळायचं ते असं, कोंबड्यांच्या उष्ट्या जाळावरचं. शिवाप्पा सोवळ्याओवळ्याचा माणूस. पहिल्या दिवशी "बौद्धवाड्यातलं पाणी नको" म्हणून विहिरीवर गेला. "येन चळी री, येन चळी!" असं कानडीत थंडीला कोसत, दात वाजवत आला. दुसऱ्या दिवशीही गेला. तिसऱ्या दिवशी गुपचूप बादली घेऊन तायाक्काच्या न्हाणीत शिरला. तायाक्का बाहेरून ओरडली, "डायवर, पानी कोंबड्यांचं हाय हं! आमचं न्हाय. बिनघोर घ्या."

तो रोज घ्यायला लागला. पुढं चहाही.

गावाचं मात्र तसं नव्हतं. गाव तिच्या हातचं पाणी घेत नव्हतं. कोंबडी मात्र घ्यायचं. तिची एक रीतच होती. गावातल्या कुठल्याही घरातली पोरगी लग्न होऊन निघाली की तायाक्का मांडवाच्या कडेला हजर, बांबूच्या डालग्यात एक तलंग, म्हणजे अंड्यावर यायला झालेली तरणी कोंबडी. ती सुलटीच असायची, कारण उलटी घेऊन गेली तर सासू उंबऱ्यावरनंच परत पाठवील. पण होती त्याच वंशातली. "घे गं," म्हणायची, "पाठराखीण. मानसाची पाठराखीण चार दिवसांनी म्हागारी येती. ही न्हाय यायची."

त्यामागं तिची स्वतःची गोष्ट होती. तिचं माहेर निपाणीकडचं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. तायाक्काचं लग्न ऐन हंगामात झालं, वखारीतनं कुणाला सुट्टी मिळेना, आणि पोरीबरोबर सासरी जायला एक बाई निघेना. तेव्हा आईनं दारातली एक उलट्या पिसांची आणि एक सुलटी तिच्या काखेत दिली. "सासरचं मला हासलं," तायाक्का सांगायची. "पर रडू आलं की मी खुराड्यात जाऊन बसायचो. त्या कुरकुरल्या की वाटायचं, आई बोलतीया." तिच्या दारातल्या सगळ्या कोंबड्या त्या दोघींचा वंश. आईची एवढीच वस्तू तिच्याकडं होती.

आता एक गंमत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कल्लाप्पानं जन्मात एकदा स्वतःच्या डोक्यानं काम केलं. त्याला वाटलं, बायकोचा जीव उलट्या पिसांवर, तर सगळीच पिल्लं उलटी होऊ देत. त्यानं उलट्या कोंबड्याबरोबर उलट्याच कोंबड्या कोंडल्या. पिल्लं निघाली तेव्हा हा मिश्या पिळत फिरत होता. मग पिल्लांची कापसासारखी लव गेली, आणि पिसं यायची तर ती येतायेताच तुटून गळायला लागली. कितीतरी पिल्लं उघडीनागडी झाली. पौषाच्या थंडीत त्यातलं एक वाचलं नाही. तायाक्का महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. तो म्हणे तेवढाच सुखात होता.

"उलट्याला सुलटी लागती," ती मला समजावत होती. "दोगंबी उलटी असली की लेकरं उगडी पडत्यात. मानसाचं बी तसंच बग. आमच्या दोगांत एक उलटं, एक सुलटं, म्हनून चाललंय."

"उलटं कोण?" मी विचारलं.

"म्या न्हवं," कल्लाप्पा मागनं म्हणाला. त्या दिवसाचे त्याचे शब्द तिथंच संपले.

मग तो वाईट हिवाळा आला. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गावात मानमोडी आली होती. कोंबड्या माना वाकड्या करून पटापट मेल्या. तायाक्काच्या वाचल्या, कारण तिनं आपलं अंगण काट्यांनी बंद करून ना कुणाची कोंबडी आत येऊ दिली ना आपली बाहेर सोडली. गावात मग सरकारी योजनेतल्या पांढऱ्या कोंबड्या आल्या. अंडी भरपूर, पण ती उबवायला खुडूक बसायचं नाव नाही. तायाक्काला त्या डोळ्यांसमोर नकोत. "अंडं घालत्यात आनि इसरून जात्यात. ती कसली आई?"

पौषात अवकाळी पाऊस झाला. खुराड्याची कडेची भिंत भिजून मऊ पडली. सकाळी मी बादली घेऊन गेलो तर धुक्यात तायाक्का अंगणात बसलेली. भिंतीला भगदाड, आणि अंगणभर पिसं. रानमांजराचं काम. जी हाती लागली नव्हती ती थंडीनं आखडून पडली होती. उरला एकच, पायाला लागलं म्हणून घरात डालग्याखाली ठेवलेला उलट्या पिसांचा कोंबडा. तायाक्का आपल्या सगळ्या नर कोंबड्यांना 'साहेब' म्हणायची, कारण बांग देण्यापलीकडं ते काही करत नाहीत. हा शेवटचा साहेब.

मी बादली खाली ठेवली. तीच म्हणाली, "माझ्या आईची वस्तू ग्येली रं."

एवढंच. मग उठली, डोळे पुसले आणि न्हाणीत जाऊन चूल पेटवायला लागली. मी म्हटलं, "आक्का, आता कशाला?"

"साहेब गारठलाय न्हवं?"

भिंत लिंपून झाली, साहेब एकटाच चुलीमागच्या भिंतीला पाठ लावून बसायला लागला, आणि तेवढ्यात अमावस्या आली. गावच्या पाटलांची लेक सुमन बाळाला घेऊन माहेरी आलेली. पोराला ताप, छाती घरघरतेय, दूध घेत नाही. देवर्ष्यानं सांगितलं, बाहेरची बाधा, उलट्या पिसांचा कोंबडा उतरून वेशीबाहेर सोडा. तसा कोंबडा गावात एकच.

आम्ही सकाळी गाडी काढायच्या तयारीत होतो. पाटील स्वतः चालत आले. बौद्धवाड्यात त्यांना मी पहिल्यांदा बघितलं. मागं देवर्षी, अर्धं गाव आणि पोराला छातीशी धरलेली सुमन. पाटील अंगणाच्या कडेला थांबले.

"तायाक्का, कोंबडा दे. मागशील ते देतो."

तायाक्का साहेबाला काखेत घेऊन उंबऱ्यावर उभी. तिच्या तोंडाकडं बघून मला वाटलं, आता ही काय ते सुनावणार. तिच्या घरात देव्हारा नव्हता, बुद्धाची तसबीर होती. उतारे-बितारे तिच्या आईच्या वेळेपासनं बंद. आणि हा कोंबडा गेला की सगळंच संपणार. पण ती पाटलांशी बोललीच नाही. सरळ सुमनकडं गेली, पोराच्या छातीवर कान ठेवला आणि झटक्यात वळली.

"देवर्शी, उतारा कुटं सोडायचा?"

"वेशीच्या भाईर."

"बेळगाव कुटं हाय?"

देवर्षी गोंधळला. "म्हंजे?"

"बेळगाव येशीच्या भाईरच हाय की न्हाय?"

"...हाय."

"आनि उतारा घेऊन निगालं की म्हागं बगायचं न्हाय, वाटंत थांबायचं न्हाय. बराबर?"

"बराबर."

"मग झालं!" असं म्हणून तिनं साहेबाला पोरावरनं तीनदा ओवाळलं, सुमनचा हात धरला आणि गाडीत चढली. "पाटील, तुमीबी चला. उतारा बेळगावच्या सर्कारी दवाखान्याच्या दारात सोडायचा. डायवर, ऐकलं न्हवं? थांबायचं न्हाय!"

मी पंचवीस-तीस वर्षं घंटी मारली, पण त्या दिवसासारखी घंटी पुन्हा कधी मारली नाही. शिवाप्पानं आरसा वर फिरवला, मागं बघायचं नाही म्हणून, आणि गाडी जी सोडली ती धुरळा उडवत. प्रत्येक थांब्यावर लोक हात करतात, शिव्या घालतात, काठ्या उगारतात. मी दारातनं ओरडतोय, "उतारा हाय, उतारा!" आणि लोक 'उतारा' ऐकून दोन पावलं मागं उड्या मारतायत. बेळगुंदीला एक मास्तर खडू लागलेल्या हातानं छत्री हलवत तसाच राहिला. पाटील, ज्यांच्यासाठी एरवी गाडी पाच मिनिटं उभी असायची, ते तायाक्काच्या शेजारी आक्रसून बसलेले, आणि साहेब त्यांच्या धोतरावर चोच पुसतोय.

पोराच्या छातीत न्यूमोनिया होता. डॉक्टर पहिल्यांदा कोंबड्यावर ओरडले, "हे काय आणलंय दवाखान्यात?" तायाक्का म्हणाली, "कोंबडा नंतर बगा, आदी पोर बगा." त्यांनी बघितलं आणि मग ओरडायचं विसरले. वेळेवर आणलंत, म्हणाले. पोरगं वाचलं. व्हरांड्यात साहेबानं त्याच वेळी बांग दिली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, कुणी खोटं म्हणू नये.

देवर्ष्यानं नंतर थोडी कुरकुर केली, उतरलेला कोंबडा गावात परत आणत नाहीत म्हणून. तायाक्का म्हणाली, "त्याच वाटेनं आनत न्हाईत." ती उचगावच्या गाडीनं आली आणि पुढं शेताशेतांतनं चालत दुसऱ्या बाजूनं गावात शिरली. आणि खुशीत होती. "आता ह्येला कोन हात लावनार? उतारा हाय ह्यो. मरस्तवर निर्धास्त!"

साहेब वाचला, पण एकटा. कोंबडीशिवाय कोंबड्याचा वंश कसा वाढणार? आणि कोंबडी पाहिजे ती सुलटी, खुडूक बसणारी, आईच्याच रक्तातली. तशी गावात उरली नव्हती. सुमन दवाखान्यातनं पोर घेऊन परतली ती माझ्याच गाडीनं. उतरताना थांबली.

"कंडक्टरमामा, माझी पाठराखीण हाय की. सासरी. पिल्लंबी हाईत तिची."

 खरंच की! पोरी गावोगाव गेल्या होत्या, आणि प्रत्येकीबरोबर एकेक कोंबडी गेली होती.

मग काय, कंडक्टरकीचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला. खानापूर, लोंढा, निपाणी, जिथं जिथं त्या गावच्या पोरी दिल्या होत्या, तिकडच्या गाड्यांवरच्या कंडक्टरांना मी स्टँडवर निरोप दिले: तायाक्काचा कोंबडा एकटा राहिलाय, जत्रेला याल तेव्हा मोकळ्या हातानं येऊ नका.

चैत्रात गावची जत्रा. जत्रेच्या सकाळची माझी गाडी ज्यानं बघितली नाही त्यानं काही बघितलं नाही. पिशवीतनं तुरे, डालग्यातनं चोची, एका पोरीच्या शालूच्या घडीतनं डोकावणारी कोंबडी. सगळी गाडी क्वाक्वा करतेय आणि मध्येमध्ये पोरी एकमेकींना हाका मारतायत. वाटेत तपासणीचे साहेब चढले. कपाळाला आठ्या. "एवढ्या कोंबड्या? तिकिटं?"

"माहेरवाशिणी आहेत, साहेब," मी म्हटलं. "माहेरी चालल्यात."

त्यांनी पोरींकडं बघितलं, पोरींनी कोंबड्या घट्ट धरल्या. साहेब पुढच्या थांब्यावर उतरून गेले.

गाडी माळावर थांबली. तायाक्का अंगणात भांडी घासत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पोरी एकामागून एक आत गेल्या, मराठ्यांच्या, बौद्धांच्या, सगळ्या. कोंबड्या सोडल्या. अंगण भरून गेलं. साहेब मान ताठ करून, सगळी उलटी पिसं फुलवून मध्ये आला आणि असा काही फिरायला लागला, जसं काही ही व्यवस्था त्यानंच केली आहे. तायाक्का हातातली राख तशीच घेऊन उभी. एरवी तिला बोलायला शिकवावं लागत नाही. त्या दिवशी तिनं राखेच्याच हातानं तोंड झाकलं. मग रडायला लागली. हमसून, मोठ्यानं, लाज न धरता.

"आता रडू नगंस, आक्का," सुमन म्हणाली आणि तिच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसली. "च्या कर. लांबनं आलोय आमी."

तायाक्कानं डोळे पुसले आणि पाटलांच्या लेकीकडं बघितलं. "आमच्यातला?"

"मग काय आमच्यातला करून आनतीस?"

कपबशा पुरल्या नाहीत. पेले काढले, तेही पुरले नाहीत. शेवटी शिवाप्पा गाडीतला स्वतःचा पेला घेऊन आला आणि पोरींच्या ओळीत बसला. रस्त्यानं जाणारे लोक बघत होते. पाटीलही बघून गेले, पण लेकीला उठवलं नाही.

पावसाळ्यात पिल्लं निघाली, निम्मी सुलटी, निम्मी उलटी. पुढच्या पौषात न्हाणीची भिंत तापली तेव्हा तिला चिकटायला दाटी होत होती. तायाक्कानं खुराड्याची कडेची भिंत आता दगडाची केली होती, आणि त्या कामाला पाटलांनी माणूस पाठवला होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर केव्हातरी माझी बदली निपाणीला झाली. शेवटची सकाळ धुक्याचीच होती. आंघोळ झाली, चहा झाला. मी गाडीत चढणार तर तायाक्का डालगं घेऊन आली. आत उलट्या पिसांची तलंग. उलटी तिनं गावाबाहेर आजवर कुणाला दिली नव्हती.

"मला कशाला, आक्का?"

"चाललास न्हवं? एकट्यानं जाऊ ने. पाठराखीण हाय." मग डालगं माझ्या हातात देऊन म्हणाली, "माझ्या आईच्या गावाला न्हेतोस तिला. आनि उलट्याला सुलटा बग हं, कल्लाप्पागत करू नगंस."

गाडी हलली. मी दारातनं बघितलं तर धुक्यात तिचं लुगडं आणि भोवती फुललेल्या कोंबड्या, एवढंच दिसत होतं. तिनं हात केला नाही, दाणे टाकत होती. पण आवाज आला, "ये कंडाक्टर! तिचं तिकीट काढू नगंस हं!"

बेळगावला मी निपाणीची गाडी धरली. बाजाराचा दिवस, पाय ठेवायला जागा नाही. मी डालग्यावरचं फडकं जरा बाजूला केलं. बाकड्यावरचे दोघं उठले. मी ऐसपैस बसलो, तिला मांडीवर घेतलं, आणि निपाणी येईपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.